पान कुठून कुठपर्यंत

पुस्तकाने पहिलाच प्रश्न विचारला: पान साधं की संयुक्त? मी कडुनिंबाखाली उभी होते. ते एक झाड तरी मला नक्की माहीत होतं. गुढीला त्याचा पाला बांधत आले आहे, पाडव्याला गुळाबरोबर चावून तोंड वाकडं करत आले आहे. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या गणितावर रीत शिकून घ्यावी, असा माझा हिशेब. पण पहिल्याच पायरीवर गाडी अडली. माझ्या हातात वीतभर लांब हिरवी काडी होती. तिच्या दोन्ही बाजूंना कातरलेल्या कडांची, किंचित कोयत्यासारखी वाकलेली पानं. म्हणजे ही फांदी आणि ती पानं, असं मी आजवर धरून चालले होते. पुस्तकाचं म्हणणं, की ही सगळी काडी मिळून एक पान असू शकतं आणि ज्यांना मी पानं म्हणते त्या नुसत्या पर्णिका. असू शकतं! म्हणजे ठरवायचं मी. आणि ठरवायचं कशावरून, ते पुढच्या पानावर बारीक टाइपात, एका आकृतीच्या खाली. तोवर माझ्यामागून दोघं फिरायला जाणारे गृहस्थ 'काय शोधताय?' असं विचारून, उत्तराची वाट न बघता निघून गेले होते.

या भानगडीत मी पडले ती एका कागदामुळे. आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणाला लागून एक उंच झाड आहे. दर वर्षी उन्हाळ्यात त्याच्या पातळ, गोल, कागदी चकत्या वाऱ्यावर उडत आमच्या बाल्कनीत येतात. वाळत घातलेल्या कपड्यांत अडकतात, कुंड्यांत साचतात, पार स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोचतात. मी त्या झाडते, पुन्हा येतात, पुन्हा झाडते. एक दिवस बुंध्यावर फांद्या छाटण्याच्या परवानगीचा कागद डकवलेला दिसला. आपल्याकडे १९७५च्या कायद्यानुसार शहरातल्या झाडाला हात लावायचा तर आधी परवानगी काढावी लागते. त्या कागदावर झाडाचं नाव टाइप केलेलं होतं: वावळ. ज्याचा कचरा वर्षानुवर्षं गोळा केला त्याचं नाव सरकारी कागदावरून कळावं, हे मला काही बरं वाटलं नाही. बँकेतून निवृत्त झाले होते, सकाळी टेकडीवर जायची सवय होती, वेळ होता. झाडं ओळखायला शिकायचं ठरवलं. त्यात काय एवढं, पुस्तक आणायचं आणि जुळवून बघायचं!

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत गेले, तर झाडांची पुस्तकं भरपूर. पण बहुतेक पुस्तकं झाड कोणतं हे तुम्हाला ठाऊकच आहे असं धरून लिहिलेली. सालीचा काढा कशावर, बियांचं तेल कशावर, पुराणात उल्लेख कुठे, नक्षत्र कोणतं. पानाचं वर्णन मात्र 'पाने हिरवी, लांबट' इतकंच. हिरवी नसतील तर काय! आणि फोटो म्हणावे तर सगळे फुलांचे. बहावा पिवळ्या घोसांनी लगडलेला, पळस पेटलेला, जॅकरांडा निळाजांभळा. अशी झाडं मी वर्षातले दोन-तीन आठवडे ओळखतेच, त्यासाठी पुस्तक कशाला? उरलेले अकरा महिने ती नुसती हिरवी उभी असतात, आणि गरज तेव्हाची असते. शेवटी भाच्याने त्याच्याकडचं प्रदीप कृष्ण यांचं दिल्लीच्या झाडांवरचं इंग्रजी पुस्तक दिलं. २००६ साली आलेलं. 'पुण्यात दिल्लीचं पुस्तक?' म्हणून मी नाक मुरडलं. पण ते पानांवर रचलेलं आहे. आधी पानाची ठेवण ओळखा, मग त्या गटात शोधा. आणि दिल्लीच्या रस्त्यांवरची कितीतरी झाडं पुण्याच्याही रस्त्यांवर आहेत: कडुनिंब, जांभूळ, सातवीण, शिरीष, महारूख. रस्त्याची झाडं दोन्हीकडे माणसांनीच निवडून लावलेली, म्हणून असेल.

तर पान कुठून सुरू होतं? हा प्रश्न सोडवला आमच्या सोसायटीच्या माळीमामांनी. मामा मुळशीकडचे. गुलाबाला डोळे भरण्यात हात बसलेला. मी कडुनिंबाची काडी घेऊन बाकावर बसलेली पाहून जवळ आले.

"ताई, काय चाललंय?"

"मामा, हे एक पान आहे की ही एवढी सगळी पानं?"

त्यांनी काडी उलटसुलट केली. मग झाडाची दुसरी फांदी खाली ओढून धरली. "डोळा कुठंय ते बघा. डोळ्याच्या बाहेर असंल ते पान."

काडी जिथे जाड फांदीला चिकटली होती, तिथे बेचक्यात एक बारीकसा, तपकिरी, टोकदार उंचवटा होता. तोच डोळा. त्यातून पुढे नवी फांदी फुटणार. आणि काडीवरच्या त्या कातरलेल्या पानांच्या बुडाशी? मी भिंग लावून एकेक पाहिलं. कुठेच काही नाही. गुळगुळीत. म्हणजे डोळा एकच, पान एकच. नंतर लक्षात आलं, की पुस्तकातल्या त्या बारीक टाइपात हेच लिहिलेलं होतं. फक्त तिथे कक्षा, कलिका, पर्णवृंत यांचे इंग्रजी शब्द होते आणि माझी नजर त्यांवरून घसरून जात होती. अजून एक खूण मला आपोआप सापडली. झाड पान गाळतं तेव्हा सबंध काडी गळते. पर्णिका आधी झडल्या तरी मागून काडी पडतेच. फांदी अशी गळत नाही. गुलमोहराखाली उन्हाळ्यात पिवळ्या काड्यांचा जो खच पडतो, तो सगळा पानांच्या कण्यांचा.

त्या दिवसापासून पळसाला पाने तीनच हेही मला खरं वाटेनासं झालं. पुस्तकाच्या हिशेबी ते एकच पान, पर्णिका तीन. म्हणी वनस्पतिशास्त्राला विचारून होत नाहीत, सोडा. पण 'तीन पर्णिका' या गटात गेलं की पळस एकटा नसतो, पांगारा असतो, बेल असतो, वायवर्णा असतो. बेलाला काटे आणि पान चुरडलं की तो ओळखीचा वास. पांगाऱ्याच्या फांद्यांनाही काटे, पण पान मऊ आणि मधली पर्णिका लांबीपेक्षा रुंद. पळसाचं पान जाड, चामड्यासारखं, म्हणून तर त्याच्या पत्रावळी होतात.

कडुनिंबाकडे परत गेले, तर तिथे नवीन पेच. पुस्तक विचारतं: पर्णिकांची संख्या सम की विषम? म्हणजे टोकाला एकटी पर्णिका आहे की जोडी? एका काडीला टोकाशी एकटी होती, दुसरीला नव्हती, तिसरीला असून तुटल्यासारखी. एकाच झाडावर! मी तासभर त्यातच. मग कळलं की कडुनिंबात टोकाची पर्णिका बरेचदा नसते. मग हा प्रश्न कडुनिंबाला विचारायचाच कशाला? पण प्रश्न कडुनिंबासाठी नसतोच, तो सगळ्या झाडांसाठी एकच छापलेला असतो. त्यापेक्षा पर्णिकेचं बूड बघितलं असतं तर लगेच सुटलं असतं. मधल्या शिरेच्या एका बाजूला पान रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद, आणि दोन्ही बाजू देठाला वेगवेगळ्या उंचीवर येऊन मिळतात. एकदा हे दिसलं की न दिसणं शक्य नाही. बकाणनिंब कडुनिंबासारखा वाटतो खरा, पण त्याच्या पानाची काडी पुन्हा फुटते, आणि त्या फाट्यांवर पर्णिका असतात. महारुखाचं पान तर हाताएवढं लांब आणि कडांना मोठे, ओबडधोबड दाते. ही तिन्ही झाडं मी इतकी वर्षं 'कडुनिंब आणि कडुनिंबासारखी' एवढ्यावर भागवत होते.

काडीला फाटे आणि फाट्यांवर बारीक पर्णिका, असा जो प्रकार, त्याने मला पावसाळाभर छळलं. गुलमोहर, सोनमोहर, नीलमोहर, शिरीष आणि रेन ट्री. सगळ्यांची पानं लांबून एकसारखी. फुलं असताना लाल, पिवळी, निळी म्हणून मोकळं होता येतं. पाऊस सुरू झाला की पाचही हिरवे. आमच्या भागातले रस्ते या पाचांनीच भरलेले. आणि गंमत म्हणजे त्यांतले बहुतेक मुळात इथले नाहीत. गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर आणि रेन ट्री अमेरिका खंडातले. शिरीष तेवढा आपला.

इथे पुस्तकाने पहिल्यांदा मला खरोखर हात दिला. पाने समोरासमोर की एकाआड एक? नीलमोहराची पानं फांदीवर समोरासमोर, बाकी चौघांची एकाआड एक. एका प्रश्नात एक भिडू बाहेर. सोनमोहराच्या कोवळ्या शेंड्यांवर तांबूस-तपकिरी लव असते, गंज चढल्यासारखी, आणि शेंगा चपट्या, तांब्याच्या रंगाच्या. गुलमोहराच्या पानाच्या बुडाशी दोन बारीक फाटलेली उपपर्णं असतात, फणीच्या दातांसारखी. ती शोधायला मी शिडी घेऊन गेले होते. रेन ट्रीची पर्णिका तिरकी, जवळजवळ शंकरपाळ्याच्या आकाराची, आणि टोकाकडे जाताना मोठी मोठी होत जाणारी. शिरीषाच्या पर्णिका सरळ लांबट आणि फाटे थोडे. एका ढगाळ संध्याकाळी मी रेन ट्रीखाली जाऊन पर्णिका मोजायला मान वर केली, तर सगळ्या मिटलेल्या. अंधारलं किंवा आभाळ आलं की हे झाड पर्णिका मिटून घेतं. पुस्तकात 'निरीक्षण सकाळी करावे' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण मिटणं हीच खूण आहे, हे त्याच्याच वर्णनात तिसऱ्या ओळीत होतं.

वर्णनातली तिसरी ओळ! मला वाटतं नवशिक्याने फोटो झाकून पुस्तक वाचावं. फोटोत झाड अगदी देखणं, उन्हात, मधोमध, एकटं. आपल्यासमोरचं झाड जाहिरातींच्या फळ्यांमागे, वायरींमध्ये, एका बाजूने छाटलेलं. फोटोशी जुळवायला गेलं की एक तर काहीच जुळत नाही, नाही तर सगळंच जुळतं. मी बँकेत क्लिअरिंगला होते. चेकवरची सही पडताळताना नवीन माणूस सबंध सहीकडे बघतो आणि 'वाटतेय तशीच' म्हणतो. मुरलेला माणूस सबंध सही बघतच नाही. एखाद्या अक्षराचं शेपूट, एखादी रेघ कुठून उचलली ते बघतो. झाडाचंही तेच. ऐनाच्या पानाला मागच्या बाजूला, मधल्या शिरेवर, देठाजवळ एखाद-दोन बारीक गाठी असतात. पुस्तकात त्यांना ग्रंथी म्हटलंय. फोटोत त्या दिसायचं कारणच नाही.

अशा प्रश्नांच्या वाटेने ओळख पटवायची पद्धत जुनी आहे. शाळेत जिराफाच्या मानेमुळे ज्याचं नाव ऐकलेलं असतं त्या लामार्कने १७७८मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात ती वापरली. प्रत्येक पायरीला दोन पर्याय. हा असेल तर इकडे, तो असेल तर तिकडे. फार शहाणी रीत आहे. तिच्यात एकच खोट: ती कधी 'तुम्ही चुकलात' असं म्हणत नाही. चुकीच्या फाट्यावर वळलात तरी पुढचे प्रश्न तितक्याच सभ्यपणे येत राहतात आणि शेवटी कुठल्या ना कुठल्या झाडापाशी नेऊन सोडतात. नदीकाठच्या अर्जुनाने मला असंच फिरवलं. पानं समोरासमोर की एकाआड एक? एका फांदीवर अगदी समोरासमोर. पुढच्या फांदीवर एक जरा वर, एक जरा खाली. किती खाली असलं म्हणजे समोरासमोर नाही? एकदा 'समोरासमोर' म्हणून वाट धरली, तर एका झुडपापाशी पोचले. माझ्या समोरचं झाड पन्नास-साठ फूट उंच. परत येऊन दुसरी वाट धरली, तर भलतंच काही. शेवटी पुस्तक मिटून बुंधा पाहिला. फिकट, गुळगुळीत, पातळ पापुद्रे सुटलेले, आणि खाली वाळक्या फळाला उभे पाच पंख. पुस्तक अर्जुनाच्या पानावर उघडलं, तर तिथे लिहिलेलं: पाने जवळजवळ समोरासमोर. 'जवळजवळ' हा पर्याय पायरीवर द्यायला काय हरकत होती!

सातविणीने मात्र वेगळाच हिसका दाखवला. एका बिंदूतून बोटांसारखी पसरलेली सहा-सात पानं. डोळ्याचा धडा नुकताच गिरवलेला असल्यामुळे मी अगदी ऐटीत 'संयुक्त, हस्ताकृती' असं वहीत लिहिलं आणि काटेसावरीच्या गटात शोधायला लागले. काटेसावरीचं पान तसंच असतं, एका लांब देठाच्या टोकाला पाच-सात पर्णिका. पण सातविणीला तो सामाईक देठच नव्हता. प्रत्येक पान स्वतंत्रपणे फांदीला चिकटलेलं, सगळी एकाच पेऱ्यावर, गोल कडं करून. म्हणजे साधी पानं, घोळक्याने उभी राहिलेली. नखाने खुडलं तर पांढरा चीक आला. काटेसावरीला चीक येत नाही. दिवाळीच्या सुमाराला संध्याकाळी रस्ताभर जो उग्र वास पसरतो आणि निम्म्या लोकांचं डोकं दुखवतो, तो याच झाडाच्या फुलांचा. पण हे सगळं चालू होतं ऑगस्टमध्ये.

वावळ सापडायला तर सगळ्यात उशीर लागला. नाव माहीत असूनही! पुस्तकात त्याचं वर्णन: कड अखंड. आमच्या कुंपणाखाली त्याची बरीच रोपं उगवलेली होती, हाताशी येतील अशी, म्हणून मी त्यांचीच पानं तपासत होते. कडा दातेरी. पुन्हा पुन्हा पाहिलं, दातेरीच. मग कागदावरचं नाव चुकीचं असेल, असं मी मामांना सांगितलं. मामांनी वाकून एका रोपाचं पान चुरडलं आणि नाकाशी धरलं, मग माझ्या. घाण वास. "वावळाच. पोरवयात दातं असत्यात त्याला, मोठं झाल्यावर जातात." वरच्या फांदीचं एक पान वाऱ्याने पडलं होतं. त्याची कड अखंड होती, आणि वासही तोच घाण. पुस्तकं मोठ्या झाडाचं वर्णन करतात आणि आपल्या हाताला नेहमी लहानच झाड लागतं.

मामांबद्दल गैरसमज नको. 'खेड्यातल्या माणसाला सगळं कळतं' ही आपली एक लाडकी समजूत आहे, तशातला प्रकार नाही. एप्रिलमध्ये गावच्या जत्रेला त्यांनी मला आणि माझ्या जावेला नेलं. ताम्हिणीच्या अलीकडच्या रानात निम्मी झाडं निष्पर्ण. माझं पुस्तक पिशवीतून बाहेरच आलं नाही. पान नाही तर पहिला प्रश्नच कसा विचारणार? शिवाय ते दिल्लीचं. इथल्या झाडांतली कितीतरी त्यात नव्हतीच. मामा मात्र चालता चालता सालीवर थाप मारत नावं सांगत होते. ऐनाची साल काळपट, चौकोनी तुकड्यांत फुटलेली. किंजळाची तशी नाही. हिरड्याखाली मागल्या वर्षाची सुकलेली फळं. सागाचं एक कोवळं पान कुठेतरी फुटलेलं होतं, ते त्यांनी माझ्या तळव्यावर चोळलं. हात रक्तासारखा लाल. ही एक ओळख अशी, की पुस्तकाशिवाय, चष्म्याशिवायही चालते.

पण त्याच मामांना सोसायटीच्या दारासमोरच्या स्पॅथोडियाचं नाव विचारा. "ते शोचं झाड हाय." नीलमोहर? "शोचं." सोनमोहर? "ते बी शोचंच. बिल्डरनं लावलेलं." त्यांच्या लेखी ज्याचा लाकूड, चारा, फळ, औषध म्हणून उपयोग नाही ते झाड शोचं, आणि शोच्या झाडाला नाव लागत नाही. शहरातल्या रस्त्यावर मामा फारसे उपयोगाचे नाहीत, आणि मुळशीच्या रानात पुस्तक. मी दोघांनाही बरोबर घेऊन फिरते.

दसऱ्याच्या आधी मंडईत मी पट्टी घेऊन गेले होते. आपट्याच्या पानांचे ढीग लागलेले, दहा रुपयांना जुडी. आपटा आणि कांचन ही सख्खी भावंडं. दोघांची पानं मधोमध दुभंगलेली, आणि दसऱ्याला कांचनाची पानं आपटा म्हणून खपतात, असं वाचलं होतं. पुस्तकातली ओळ पाठ करून गेले: आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदी जास्त, जाडसर, मागची बाजू फिकट. कांचनाचं त्याच्या दुपटी-तिपटीने मोठं, पातळ. पहिल्या ढिगात हात घातला. पान माझ्या तळव्याएवढं. पट्टी लावली. दुसऱ्या ढिगात, तेच.

"मावशी, हा आपटा नाही, कांचन आहे."

"सोनं हाय, सोनं! घ्यायचं तर घ्या."

तिसऱ्या टोपलीत एका म्हातारीकडे लहान, खरबरीत, आडवी पानं होती. लांबी सव्वा इंच, रुंदी दीड. मागून राखट. मी दोन जुड्या घेतल्या. घरी वाटली, तर पुतण्याच्या बायकोने विचारलं, 'एवढीशी का हो, काकू? शेजारच्यांची केवढी मोठी!' पट्टीने मोजून आणलेल्या सोन्याची ही किंमत.

मोबाइलवर फोटो काढला की नाव सांगणारी सोयही आहे. वापरून पाहिली. फुलाचा फोटो दिला तर बहुतेक वेळा बरोबर, पानाचा दिला तर ती चार नावं पुढे करते आणि निवड पुन्हा आपल्यावर. शिवाय ती मला काहीच विचारत नाही, आणि विचारलं नाही तर मी पानाची मागची बाजू उलटून बघत नाही. दुसऱ्या टोकाला थिओडोर कुक. हे गृहस्थ पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य होते, आणि मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. एका ग्रंथालयात तो उघडून पाहिला. एकही चित्र नाही. बीजांडकोशात कप्पे किती, पुंकेसर जोडलेले की सुटे, तेही लॅटिनच्या अंगाने जाणाऱ्या इंग्रजीत. वावळाचं पान काढलं, तर पानाच्या वासाची नोंद काही केल्या सापडेना, पण पंखाच्या टोकाची खाच होती. त्या खाचेसाठी मी घरी जाऊन चकती उन्हात धरून पाहिली. होती. वाचनालयाच्या काकांना पुस्तक परत देताना मी 'लागेल पुन्हा' एवढंच म्हणाले.

आता आमच्या कमिटीला माझ्या या उद्योगाचा सुगावा लागला आहे. झाडांना पाट्या लावायच्या ठरल्या: मराठी नाव, शास्त्रीय नाव, मूळ ठिकाण. रंगाऱ्याला पत्र्याच्या हिरव्या पाट्या करायला सांगितल्या. सगळ्या झाडांची नावं मी दिली, पंपहाऊसमागचं एक सोडून. ते वडाच्या कुळातलं आहे हे नक्की. चीक आहे, आणि कोवळ्या पानाला झाकणारं टोपण गळून गेलं की पेऱ्यावर गोल रेघ राहते, तीही आहे. पण पिंपळाची लांब शेपटी पानाला नाही, वडाच्या पारंब्या नाहीत, आणि उंबरासारखी फळं खोडावर येत नाहीत. पायर असावी, किंवा तिच्या जवळपासचं काही. पुस्तक अशा वेळी एकच विचारतं: फळाला देठ आहे, की ते फांदीला चिकटूनच येतं? फळं येतात ती पार शेंड्यावर, आणि पिकण्याआधीच तांबट पक्षी साफ करतात. खाली पडतं ते चोथा झालेलं. मामा म्हणतात पायरच. मी म्हणते फळ बघितल्याशिवाय पाटी नाही.

सेक्रेटरी वैतागले. "अहो, काहीतरी लिहून टाका. कोण तपासायला येणार आहे?"

मी नाही म्हटलं. रंगाऱ्याने पाटी तयार करून ठेवलीच होती, पैसेही दिले होते, म्हणून ती कोरीच टांगली. आठवडाभरात तिच्यावर कुणीतरी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'येथे गाड्या लावू नयेत. चाकातील हवा सोडली जाईल.'